'आय डोन्ट नो'मधला 'डू' कुठून आला?

प्रश्न असा आहे: शेक्सपिअरच्या नाटकांत आणि जुन्या इंग्रजी बायबलमध्ये 'आय नो नॉट' जागोजागी दिसतं. आज तेच कोणी परीक्षेत लिहिलं तर खाली लाल रेघ पडते. मग हा 'डू' मध्ये कधी शिरला, आणि शिरण्याची गरज काय होती?

आधी एक गैरसमज दूर करू. 'आय नो नॉट' हे मूळ रूप आणि 'आय डोन्ट नो' हा नंतरचा बिघाड, असं समजणारे बरेच भेटतात. 'आय नो नॉट' हे मधलं स्थानक आहे. त्याच्या आधी किमान दोन स्थानकं होऊन गेली, आणि मूळ वाक्यात 'डू' नव्हता, 'नॉट' नव्हता, 'नो'सुद्धा नव्हता.

हे पाहायला एकच वाक्य वेगवेगळ्या शतकांत कसं लिहिलं गेलं ते बघावं. उत्पत्तीच्या पुस्तकातला चौथा अध्याय, नववं वचन त्यासाठी फार सोयीचं आहे. देव काइनला विचारतो, तुझा भाऊ हाबेल कुठे आहे? काइन म्हणतो, मला ठाऊक नाही, मी काय भावाचा राखणदार आहे? इ.स. १००० च्या आसपासच्या जुन्या इंग्रजी अनुवादात काइनचं उत्तर दोन शब्दांत आहे: 'इच नाट'. चौदाव्या शतकाच्या अखेरीच्या, विक्लिफच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बायबलमध्ये 'ई वोट नॉट'. टिंडलने १५३० मध्ये 'आय कॅन नॉट टेल' असं केलं. १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीत 'आय नो नॉट'. १९५२ च्या सुधारित आवृत्तीत 'आय डू नॉट नो', आणि १९७८ च्या न्यू इंटरनॅशनल आवृत्तीत सरळ 'आय डोन्ट नो'. टिंडलचं वाक्य सोडलं (त्याने क्रियापदच बदललं) तर बाकीच्या पायऱ्या एकाच जिन्याच्या आहेत.

आता पहिली पायरी. 'इच' म्हणजे मी. 'नाट' हा जोडशब्द: 'ने' अधिक 'वाट'. 'वाट' म्हणजे 'जाणतो', त्याचा मराठी वाटेशी संबंध नाही. संबंध आहे तो संस्कृत 'वेद'शी. दोन्ही एकाच मूळ इंडो-युरोपीय रूपातून आलेले, आणि 'ने' म्हणजे आपला 'न'. नासदीय सूक्ताची शेवटची ओळ 'सो अङ्ग वेद यदि वा न वेद' अशी संपते. त्यातलं 'न वेद' आणि जुन्या इंग्रजीतलं 'ने वाट' हे शब्दाला शब्द जुळणारे भाऊबंद आहेत. नकार क्रियापदाच्या आधी, आणि इतका चिकटलेला की स्वर गळून दोघांचा एक शब्द व्हावा.

मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. 'न' अधिक 'जाणे' मिळून 'नेणे' झालं ते असंच. तुकोबांचं 'जाणोनि नेणतें करीं माझें मन' आठवा. 'नसे', 'नलगे', 'नव्हे' ही त्याच घडणीची रूपं. जुन्या इंग्रजीतही अशी जोडरूपं ठरावीक, रोज लागणाऱ्या क्रियापदांचीच होत: असणे, जवळ असणे, इच्छा असणे, जाणणे. त्यांपैकी इच्छेचं नकाररूप 'निल' आजच्या 'विली-निली'मध्ये दडून बसलं आहे. मूळ अर्थ 'इच्छा असो वा नसो'.

दुसरी पायरी कशी पडली ते समजायला आवाजाकडे लक्ष द्यावं लागतं. 'ने' हा एक आघातहीन तुकडा. वाक्यातली सर्वांत महत्त्वाची माहिती त्याच्यावर, पण तोंडातून निघताना त्याला वजन नाही. ऐकणाऱ्याचा तो सहज हुकतो आणि अर्थ उलटा होतो. अशा वेळी बोलणारा जोर देण्यासाठी मागे काहीतरी जोडतो. मराठीत 'नाही'ला आपण 'अजिबात', 'मुळीच', 'काडीचंही' असे टेकू देतो तसंच. इंग्रजीने 'विख्त' हा शब्द घेतला. अर्थ 'जीव', 'वस्तू', 'एखादी गोष्ट'. त्याला 'ना' लागून 'नाविख्त', म्हणजे 'एकही गोष्ट नाही'. तो झिजत झिजत 'नॉख्त', मग 'नॉट'. म्हणजे 'नॉट' हा मुळात नकारदर्शक अव्यय नव्हताच, तो 'काहीएक नाही' असं सांगणारा जोराचा शब्द होता. आजही इंग्रजीत 'नॉट अ व्हिट' म्हणतात, अर्थ 'यत्किंचितही नाही'. त्यातला 'व्हिट' हा तोच 'विख्त'. एकाच वाक्प्रचारात तो दोनदा येऊन बसला आहे, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.

बाराव्या ते चौदाव्या शतकात 'ने' पुढे आणि 'नॉट' मागे अशी दुहेरी रचना फार चालली. फ्रेंचमध्ये 'न' आणि 'पा' यांची जोडी क्रियापदाला कात्रीत धरते तशीच. फ्रेंच 'पा'चा मूळ अर्थ 'पाऊल': एक पाऊलही जात नाही. जर्मन 'निख्ट'चं पोटही उघडून पाहिलं तर आत हाच 'विख्त' सापडतो.

मग तिसरी पायरी. मागचा 'नॉट' रोज वापरून वापरून साधा झाला, जोराचा राहिला नाही. नकाराचं काम मात्र पूर्णपणे त्याच्याकडे आलं. पुढचा 'ने' बिनकामाचा ठरला आणि १४०० च्या सुमारास गळायला लागला. हा बदल एका रात्रीत झाला नाही याचा चांगला पुरावा म्हणजे चौदाव्या शतकातला कवी चॉसर. कँटरबरी टेल्सच्या प्रस्तावनेत व्यापाऱ्याबद्दल तो म्हणतो की लोक त्याला काय नावाने हाक मारतात ते 'आय नोट'. हे जुनं जोडरूप. त्याच दशकांत विक्लिफच्या बायबलमध्ये मात्र 'वोट नॉट' ('वोट' हे 'वाट'चंच पुढचं रूप). एकच काळ, एकच देश, दोन पायऱ्यांवर उभे असलेले दोन लेखक.

डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सनने १९१७ च्या आपल्या नकारविषयक पुस्तकात ही फिरती नीट मांडली: नकाराचा शब्द अशक्त होतो, त्याला टेकू लागतो, टेकूच खांब होतो, मग तोही अशक्त होतो. पुढे १९७९ मध्ये एस्टेन डाल या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने त्याला 'येस्पर्सनचं चक्र' हे नाव दिलं आणि ते रूढ झालं.

इथवर सगळं युरोपातल्या इतर काही भाषांतही थोड्याफार फरकाने घडलं. पुढचा 'डू' मात्र खास इंग्रजीचा उद्योग आहे, आणि प्रश्नाचा गाभाही तोच.

'डू' नकारासाठी जन्मला नाही. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा एक अर्थ 'करवणे' होता, आणि पद्यात ओळ भरायला, यमक साधायला तो रिकाम्या सहायक क्रियापदासारखाही वापरला जाई. तो नेमका कुठून रिकामा झाला यावर अभ्यासकांचे तट आहेत. काही जण वेल्शसारख्या केल्टिक भाषांतल्या 'करणे' वापरण्याच्या सवयीकडे बोट दाखवतात. काही असो, सोळाव्या शतकात तो होकारार्थी, नकारार्थी, प्रश्नार्थी अशा सगळ्या वाक्यांत ये-जा करत होता. १६११ च्या बायबलमध्ये हव्वा म्हणते, 'अँड आय डिड ईट'. हे वाचून 'मी खाल्लंच' असा जोर लावू नका. तिथे जोर नाही, साधा भूतकाळ आहे. ही चूक भाषांतरात फार होते.

या सगळ्या जागांपैकी 'डू' कुठे टिकला याचा मोठा हिशेब आल्वार एलेगोर या स्वीडिश अभ्यासकाने १९५३ मध्ये मांडला. नकारार्थी प्रश्नांत 'डू' सर्वांत आधी पक्का झाला, त्यामागोमाग साध्या प्रश्नांत, आणि नकारार्थी विधानं बरीच मागे रेंगाळली. होकारार्थी विधानांत तो थोडा वाढला आणि मग ओसरला. आज तिथे तो फक्त जोर देण्यापुरता उरला आहे.

कारण शब्दक्रमात आहे. मध्ययुगीन इंग्रजीत आणि नंतरही बराच काळ मुख्य क्रियापद 'नॉट'च्या पुढे उडी मारू शकत असे: 'नो नॉट', 'सी नॉट', 'केम नॉट'. 'कॅन', 'मे', 'विल', 'शॅल' ही मंडळीही तिथेच उभी राहत. हळूहळू ही दुसरी टोळी वेगळी पडली आणि 'नॉट'च्या आधीची जागा त्यांच्यासाठीच राखीव वाटू लागली. मुख्य क्रियापद कर्माला धरून मागेच थांबू लागलं. मग ज्या वाक्यात 'कॅन' नाही, 'विल' नाही, तिथे 'नॉट'च्या आधी कोण उभं राहणार? काळ आणि पुरुष दाखवणारा कोणीतरी तिथे हवा. हाताशी रिकामा 'डू' होता, तो उभा केला. जागा रिकामी सोडण्याचा प्रयोगही झाला: शेक्सपिअरच्या टेम्पेस्टमध्ये एक पात्र 'आय नॉट डाउट' म्हणतं. तो प्रयोग रुजला नाही. 'बी' हे क्रियापद मात्र आजही जुन्या पद्धतीने उडी मारतं, म्हणून 'इज नॉट' चालतं आणि 'डझ नॉट बी' चालत नाही.

आता खरी मौज. 'डू' सगळ्या क्रियापदांनी सारख्या वेगाने स्वीकारला नाही. एलेगोरच्या हिशेबात एक हट्टी गट निघतो, आणि त्यात 'नो' आहे. सोबत 'डाउट', 'केअर' अशी काही. बाकीची क्रियापदं 'डू' घेऊन मोकळी झाली तरी लोक 'आय नो नॉट' म्हणतच राहिले. कारण ते वाक्य जोडून तयार करावं लागत नव्हतं, ते तोंडात तयारच होतं. जे वाक्य दिवसातून वीस वेळा म्हटलं जातं त्याला नवा नियम उशिरा लागतो. शेक्सपिअरकडे दोन्ही आहेत: मर्चंट ऑफ व्हेनिसची पहिलीच ओळ 'इन सूथ, आय नो नॉट व्हाय आय ॲम सो सॅड', आणि हॅम्लेटमधली ओफेलिया वडिलांना 'आय डू नॉट नो, माय लॉर्ड' म्हणते. अठराव्या शतकात 'डू'वाली रचना गद्यात बहुमतात आली. 'आय नो नॉट' पुढेही कवितेत आणि प्रवचनांत तग धरून होता.

नकाराची झीज इथेही थांबली नाही. 'डू नॉट'चं 'डोन्ट' बोलण्यात १६०० च्या आसपास सुरू झालं असावं, असा येस्पर्सनचा अंदाज. लिखाणात ते सतराव्या शतकात दिसू लागतं. ४ ऑगस्ट १७११ च्या स्पेक्टेटर या नियतकालिकात जोसेफ ॲडिसनने 'मेन्ट', 'कान्ट', 'शान्ट', 'वोन्ट' असे शब्द दोनाचे एक करून भाषा कर्कश केल्याबद्दल कुरकुर केली आहे. कुरकुर छापावी लागली म्हणजे वापर किती बोकाळला होता ते कळतं.

'डोन्ट' म्हणजे निव्वळ 'डू' अधिक 'नॉट' असं शाळेत शिकवतात. सोय म्हणून ठीक, पण ते आता खरं नाही. 'डोन्ट यू नो?' म्हणता येतं. ते सोडवून 'डू नॉट यू नो?' म्हटलं तर आजच्या कानाला खटकतं, 'डू यू नॉट नो?' म्हणावं लागतं. 'विल'चं 'वोन्ट' होतं, 'विलन्ट' होत नाही. 'ॲम'ला तर प्रमाण भाषेत असं रूपच नाही. 'डू'मधला ऊ 'डोन्ट'मध्ये ओ होतो. अशा खाचाखोचा प्रत्ययांत असतात, शब्दांच्या साध्या संक्षेपात नसतात. अर्नल्ड झ्विकी आणि जेफ्री पुलम यांनी १९८३ च्या लेखात नेमकं हेच दाखवलं: हा 'न्ट' आता क्रियापदाचा प्रत्यय आहे. आपल्याकडच्या 'कळेना', 'येईना', 'जाईना'मधला 'ना' आठवला तर ही गोष्ट चटकन पटते. कोकणीतलं 'येना' त्याच जातीचं.

आणि शेवटचा घास: 'आय डनो'. ही लेखी नोंद एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. अमेरिकी बोलण्यात त्यातला 'ड' इतका हलका होतो की मराठी कानाला तो 'र'जवळ वाटतो, आणि 'ट'चा मागमूस राहत नाही. जोन बायबी आणि जोआन शिबमन यांनी १९९९ मध्ये बोलीतल्या 'डोन्ट'चा अभ्यास छापला. त्यात हा शब्द सर्वत्र सारखा झिजत नाही. 'आय'च्या मागे आणि 'नो'च्या पुढे असला की सर्वाधिक झिजतो. त्यातही खरोखर माहिती नसल्याचं सांगताना कमी, आणि 'कोण जाणे', 'काय की', 'बघू बुवा' अशा अर्थाने विषय टाळताना जास्त.

म्हणजे हेच वाक्य 'डू' घ्यायला सर्वांत मागे होतं, आणि 'डू' वितळवायला सर्वांत पुढे. हा विरोधाभास वाटतो, पण दोन्हीचं कारण एकच: अतिवापर. अतिवापराने वाक्याची घडण गोठते, म्हणून नवा नियम उशिरा लागतो. आणि गोठलेली घडण एकसंध गोळा म्हणून उच्चारली जाते, म्हणून तिचा आवाज लवकर झिजतो. माझ्या मते या वाक्याच्या हजार वर्षांतली सर्वांत शिकण्यासारखी बाब हीच आहे, 'डू'चा उगम नव्हे.

झीज कुठवर आली आहे याची व्यवहारातली खूण 'कॅन' आणि 'कान्ट'मध्ये सापडते. अमेरिकी 'कॅन्ट'मधला शेवटचा 'ट' फुटत नाही, त्यामुळे फोनवर 'आय कॅन गो' आणि 'आय कॅन्ट गो' यांत आपले लोक गोंधळतात. 'ट' शोधत बसू नका, स्वर ऐका. होकारार्थी 'कॅन' बहुधा 'कन' असा दबका निघतो आणि आघात 'गो'वर पडतो. नकारार्थी असेल तर 'कॅ' पूर्ण आणि ठळक उच्चारला जातो. नकाराचं ओझं पुन्हा एका नाजूक तुकड्यावर आलं आहे, 'ने'च्या वेळी आलं होतं तसंच.

मराठीतही हेच चक्र फिरलं का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. 'नेणे'पासून 'माहीत नाही'पर्यंत नकार क्रियापदाच्या पुढून मागे गेला हे खरं, पण वाट वेगळी होती. आपल्याकडे पुढे 'न' आणि मागे 'नाही' अशी कात्री रूढ झाली नाही. 'इथे पाणी नाही' असं अभाव सांगणारं 'नाही' पुढे 'मी जात नाही'सारख्या वाक्यांत साधा नकार म्हणून शिरलं. अभावाच्या क्रियापदाचं नकारचिन्ह होणं हे वेगळं चक्र. विल्यम क्रॉफ्टने १९९१ मध्ये ते मांडलं आणि त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. येस्पर्सनचं नाव मराठीला सरसकट लावलेलं दिसलं तर सावध व्हावं.

जोड नकाराबद्दलही थोडं. 'आय डोन्ट नो नथिंग' अडाणीपणाचं आणि तर्काविरुद्ध, असं शिकवलं जातं. चॉसरने आपल्या सद्गुणी सरदाराचं वर्णन करताना दोन ओळींत चार नकार घातले आहेत आणि अर्थ साफ नकाराचाच आहे. दोन नकारांचा होकार होतो हा नियम जेम्स ग्रीनवुडच्या १७११ च्या व्याकरणात दिसतो, पण शिकलेल्यांच्या लिखाणातून जोड नकार त्याआधीच मागे पडू लागला होता. व्याकरणकारांनी मेलेल्याला मारलं, एवढंच.

जुना मजकूर वाचताना काळ ओळखायचा असेल तर क्रम असा ठेवावा. 'ने' क्रियापदाच्या आधी एकटा असेल तर मजकूर फार जुना, किंवा चौदाव्या शतकातला जुन्या वळणाचा. 'ने' आणि 'नॉट' दोन्ही असतील तर बारावं ते चौदावं शतक धरा. फक्त 'नॉट', तोही क्रियापदानंतर आणि 'डू'शिवाय, असेल तर पंधरावं ते सतरावं. पण एका वाक्यावर विसंबू नका, आणि ते वाक्य 'नो'चं असेल तर मुळीच नाही, कारण तेच सर्वांत हट्टी. 'कम', 'सी', 'ईट' यांची वाक्यं तपासा. शिवाय मध्ययुगीन मजकुरात 'ने' म्हणजे 'आणि नाही', 'किंवा नाही' असाही असतो. दोन नकारार्थी खंडांच्या मधोमध सापडला तर तो बहुधा तोच.

गुगल बुक्सच्या शब्दवापराच्या आलेखावर 'नो नॉट' आणि 'डू नॉट नो' यांची तुलना करणारे दोन ठिकाणी फसतात. एक, 'नो नॉट ओन्ली' अशी वाक्यं पहिल्या आकड्यात मिसळतात, आणि त्यांत 'नॉट'चा 'नो'शी काही संबंध नसतो. दोन, १६११ चं बायबल आणि शेक्सपिअर एकोणिसाव्या शतकात पुन्हापुन्हा छापले गेले, त्यामुळे 'नो नॉट' होता त्यापेक्षा बराच काळ जिवंत असल्याचा भास होतो. खासगी पत्रं आणि न्यायालयीन जबान्या यांचे निवडक संग्रह घेतले तर चित्र बदलतं.

जुन्या धाटणीचं इंग्रजी मुद्दाम लिहायचं असेल, नाटकासाठी म्हणा किंवा अनुवादासाठी, तर सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'आय नोएस्ट नॉट'. 'एस्ट' हा प्रत्यय फक्त 'दाऊ'चा, म्हणजे 'तू'चा. मी असेल तर 'आय नो नॉट', तू असेल तर 'दाऊ नोएस्ट नॉट', तो असेल तर 'ही नोएथ नॉट'. त्याहून जुना वास हवा असेल तर 'आय वॉट नॉट' घ्या. त्याचा भूतकाळ 'विस्ट' होतो, 'वॉटेड' नाही: लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू शोधत आलेल्या आईबापांना 'विस्ट यी नॉट' असंच विचारतो.